सात दगड

ट्रक रस्त्यात बंद पडला की ड्रायव्हर आधी दगड शोधतो. बिघाड काय झालाय ते नंतर. दोन दगड मागच्या चाकांना लावायचे, म्हणजे गाडी घरंगळत नाही. मग पाच-सात मोठे दगड गाडीच्या मागे रस्त्यावर, चाळीसेक पावलांपर्यंत, तिरक्या ओळीत मांडायचे. मागून भरधाव येणाऱ्याला दुरूनच कळावं की पुढे गाडी उभी आहे, आणि त्यानं बाजू बदलावी. नव्या गाडीबरोबर लाल चमकता त्रिकोण मिळतो, नाही असं नाही. पण तो पहिल्या दोन महिन्यांत कुणीतरी लांबवतो, नाहीतर शेजारून कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्यानं उडून शेतात पडतो. दगड उडत नाही आणि कुणी चोरतही नाही, म्हणून सगळ्यांचा भरवसा दगडावर.

गाडी दुरुस्त झाल्यावर चाकांचे दगड काढावेच लागतात. रस्त्यावरचे नाही काढले तरी गाडी निघते. त्यामुळे निम्मे ड्रायव्हर ते काढत नाहीत. गाडी जाते, दगड मागे राहतात, आणि अंधार पडला की डांबराच्याच रंगाचा तो काळा दगड मोटरसायकलवाल्याला पुढचं चाक त्यावर चढेपर्यंत दिसत नाही. ह्या गोष्टीचा मला पहिल्यापासून संताप आहे. ड्रायव्हर दारू पितो, झोपेत चालवतो, वाकडातिकडा घुसतो, ह्या सगळ्याला काहीतरी कारण सांगता येतं. चाळीस पावलं मागे जाऊन सात दगड उचलायला काय होतं, ह्याचं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथी नाहीतर खडू. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील हायस्कुलात गणित शिकवायचे, थोरला भाऊ तहसील कचेरीत चिकटला. मी दहावीत दोनदा आपटलो आणि ट्रकवर चढलो, तो तीस वर्षं उतरलेलो नाही. वडिलांनी पहिली दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पुढे पुढे ते पत्रात माझ्या टायरांची चौकशी करू लागले. लाईनीवर मला मास्तर म्हणतात. घराण्याचा त्यात संबंध नाही. ढाब्यावर मी सगळ्यांना शिकवायला बसतो, म्हणून. शिकवायचो म्हणजे काय, तर हेच. "अरे, चाळीस पावलं मागं गेलास तर पाय झिजतील का तुझे?" असं मी कितीतरी जणांना भर जेवणात सुनावलंय. रस्त्यात कुणाचे दगड दिसले तर मी गाडी कडेला घेतो आणि शिव्या घालत ते स्वतः उचलून बाजूला टाकतो. ह्याचा मला गर्व होता, आता लपवून काय करायचं.

दोन-तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. नगरहून कांदा भरून रायपूरला निघालो होतो. क्लीनर आता कुणी ठेवत नाही, गाडीवर मी एकटाच. घोडेगाव मागे पडलं आणि चार-पाच किलोमीटरवर खालून धाडकन आवाज आला. इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी ओढेना. शाफ्टचा जॉइंट तुटला होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब लोखंडी दांडा एका बाजूनं सुटून रस्त्यावर घासत होता. अंगात जेवढा वेग होता तेवढ्यावर मी गाडी डावीकडे घेतली, पण ती निम्मी कडेला आणि निम्मी रस्त्यावर अशीच थांबली. सकाळचे दहा वाजले असतील. ओळखीच्या मिस्त्रीला घोडेगावात फोन लावला. "येतो," म्हणाला. मिस्त्रीचं येतो म्हणजे दोन तास धरायचे.

चाकांना दगड लावले आणि रस्त्यावरच्यांसाठी मी इकडेतिकडे बघत होतो, तेवढ्यात समोरून, म्हणजे उलट्या बाजूनं, एक मोटरसायकल आली. चौपदरी रस्त्याला दुसरी बाजू असते हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला मान्य नाही. दुभाजकातली फट किलोमीटरभर लांब असेल तर तो सरळ समोरून येतो आणि असा निर्धास्त येतो की आपणच चुकीच्या बाजूला आहोत असं वाटावं. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टोपी, मागे बायको, आणि पेट्रोलच्या टाकीवर आडवं ठेवलेलं लिंबांचं पोतं. घोडेगावच्या बाजाराला निघाले होते.

"काय झालं हो?"

"जॉइंट तुटला."

"मंग आता?"

"मिस्त्री येतोय. दगड बघतोय मागं टाकायला."

त्यानं मोटरसायकल उभी केली, पोतं बायकोच्या ताब्यात दिलं आणि न विचारता शेताच्या बांधाकडे गेला. "ह्ये घ्या की बांधावरचे. बारके नगा घेऊ, बारके दिसत न्हाईत गाडीवाल्यान्ला." मी एक उचलेपर्यंत त्यानं दोन आणले. सातातले चार त्यानंच आणले, आणि तेच सगळ्यात मोठे होते. मांडणीही त्याचीच. मी ओळ सरळ लावत होतो, तर तो म्हणाला, "तिरकी लावा. गाडी आपसूक बाजूला सरकती." तीस वर्षं मी तिरकीच लावतो, पण तो इतक्या आपुलकीनं सांगत होता की मी मान डोलावली.

त्याच्या मोटरसायकलीला पुढचा दिवा नव्हता. दिव्याच्या जागी नुसतं भोक, आणि आतल्या तारा सुतळीनं बांधलेल्या. माझ्यातला मास्तर गप्प बसला नाही.

"दिवा कुठाय?"

"जुन्या म्हशीनं फोडला, शिंग मारून. आता ती इकली. नवी बघायलाच चाललो. म्हैस आधी, दिवा मागनं."

"आणि येताना अंधार झाला तर?"

"दिवस बुडायच्या आत येतो की परत. ह्याच रस्त्यानं. जाताना उलटं आलो तरी येताना सरळच हाय."

बायको मागून म्हणाली, "दर येळी आसंच म्हनत्यात. आन दिवस बुडल्याबिगर बाजारातनं पाय निगत न्हाई ह्येंचा."

"तू लवकर पसंत कर म्हंजे झालं." मग मला म्हणाला, "म्हैस ती पसंत करनार. धार तिला काढायची, म्या नुसता कासरा धरनार."

निघताना तिनं पोत्यात हात घालून चार लिंबं काढली आणि माझ्यापुढे धरली. "गाडी निगताना चाकाखाली घाला. दिष्ट लागली आसंल." मी म्हटलं, "वहिनी, मी हे मानत नाही." ती म्हणाली, "तुमी नका मानू. गाडीला घाला." तिच्या हातावर लिंबाच्या काट्यांचे ओरखडे होते, काही वाळलेले, काही ताजे. मी लिंबं घेतली. दोघं गेली.

गाडीच्या पुढे दहा-बारा पावलांवर चहाची एक पत्र्याची टपरी होती. ती चालवणारी बाई साठीची असेल, बोलायला मोकळी. तिथे मी तीन चहा प्यालो आणि तिच्या जावयाची सगळी हकिगत ऐकली. मिस्त्री बारा वाजता आला. पोत्यावर आडवा होऊन गाडीखाली शिरला, नटबोल्ट सोडले, तुटलेला जॉइंट हातात घेऊन बाहेर आला आणि तसाच नवा आणायला परत गेला. ह्या सगळ्यात तीन वाजले. मी हे सांगतोय त्याचं कारण एवढंच की मला घाई नव्हती. नंतर मी मनाशी घाईचं निमित्त पुष्कळ शोधून बघितलं, पण ते खरं नाही.

काम झाल्यावर मिस्त्रीनं हात पुसत केबिनमध्ये बघितलं, तर डॅशबोर्डवर लिंबं. "हे काय, लिंबं आणून ठेवलीत आणि घालत नाही?" म्हणाला. मी म्हटलं, एका बाईनं दिलीत. "मग तर घातलीच पाहिजेत." मिस्त्री लोक ह्या बाबतीत फार कडक. गाडी त्यांच्या हाताखालून निघाली आणि पुढे काही झालं तर नाव त्यांचं येतं. त्यानं चार चाकांपुढे चार लिंबं मांडली, एकही इकडचं तिकडे होऊ नये म्हणून खाली बारीक खडा लावला. चाकांमागचे दोन दगड मी काढले आणि शेताकडे भिरकावले. हात धुतले. वर चढलो. मिस्त्री गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि हातानं खुणा करायला लागला, येऊ द्या, येऊ द्या, सरळ येऊ द्या. लिंबं फुटल्याचा आवाज केबिनपर्यंत येत नाही, पण मिस्त्रीच्या तोंडाकडे बघून कळलं. त्यानं हात जोडले. न मानणाऱ्या मीही जोडले. गाडी छान ओढत होती. आम्हा दोघांचंही लक्ष त्या वेळी गाडीच्या पुढेच होतं. मी हात हलवला, टपरीवरच्या बाईनंही हलवला, आणि मी निघालो.

नवा जॉइंट म्हणून गाडी बेतानं हाकत होतो. नेवासा फाटा गेला, गोदावरीचा पूल गेला. पुढे एका ठिकाणी डाव्या बाजूला रस्त्यात दगड. सहा होते. गाडी-बिडी काही नाही, ऑइलचा एक डाग आणि दगड. मी ब्रेक दाबला आणि तोंड सुटलं. त्या ड्रायव्हरच्या आईपासून सुरुवात करून मी त्याच्या खानदानापर्यंत गेलो. कडेला लावून खाली उतरलो, पहिला दगड उचलून नाल्यात टाकला, शिव्या चालूच. दुसरा उचलला. तो हातात होता आणि शिवी अर्धी तोंडात होती, तेव्हा मला आठवलं.

तो आणि उरलेले चार दगड मी नाल्यात टाकले. आधी खोटं वाटलं. काढले असतील, असं वाटलं. मग एकेक गोष्ट आठवून बघितली: चाकांचे दगड, हात धुणं, केबिन, मिस्त्रीचे जोडलेले हात. मागे चालत गेल्याचं कुठेच आठवेना, कारण मी गेलोच नव्हतो.

सव्वाचार वाजले होते. मिस्त्रीला फोन केला. तो नगरला पोचला होता, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचं सामान आणायला. "काढतो की येताना," म्हणाला. "कधी येणार?" "सात वाजतील. एवढं काय त्यात, कुणीतरी सारेल बाजूला." हे वाक्य मी ढाब्यावर शेकडो वेळा ऐकलंय आणि ऐकवणाऱ्याला दर वेळी फाडून खाल्लंय. ह्या वेळी मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

केबिनमध्ये बसून मी गणित मांडलं. दिवस बुडायला पावणेदोन तास. मागे जायला भरल्या गाडीला तासाच्या वर, शिवाय वळायला फट कुठे मिळते ते वेगळं. बाजार उन्हातच मोडतो. ती दोघं कदाचित गेलीही असतील, उजेडात, दगड दिसत असताना. ह्या बाजूला एवढं सगळं होतं. दुसऱ्या बाजूला त्या बाईचं एक वाक्य, दिवस बुडल्याबिगर पाय निघत नाही. आणि दिव्याच्या जागचं भोक. सरळ रस्ता, डावी बाजू, बारके दिसत नाहीत म्हणून त्यानं स्वतः वेचून आणलेले मोठे दगड. ह्या गणिताचं उत्तर काय येतं ते मला दिसत होतं, तरी मी पाच-सहा किलोमीटर पुढेच गेलो. हे सांगायला लाज वाटते, पण गेलो. मग एक फट आली आणि मी गाडी वळवली.

परतताना मला भीती वाटत होती. तीस वर्षांत घाटात ब्रेक गेलेत, एकदा मागून बस येऊन आदळलीय. ती भीती क्षणाची असते. ही तासभर पुरली. बाईचा चेहरा आठवेना, हातावरचे ओरखडे तेवढे आठवत होते. समोरून दिवे लावलेली मोटरसायकल आली की बरं वाटायचं, बिनदिव्याची आली की मी खिडकीतून मान काढून बघायचो. समोरून येणारी माझे दगड ओलांडून पुढे निघून आलेली होती, म्हणजे सुखरूप होती. त्यांत ही दोघं दिसली नाहीत.

पोचलो तेव्हा सूर्य गेला होता, नुसता उजेड मागे होता. गाडी पलीकडच्या बाजूला लावली आणि दुभाजकातल्या कण्हेरींमधून घुसून ह्या बाजूला आलो. रस्त्यावर दगड नव्हते. सातही कडेला एकावर एक टाकलेले होते. आणि रस्त्यावर मोठा पांढरा डाग होता. चुना सांडलाय असं आधी वाटलं, मग दोन कुत्री तो चाटत होती म्हणून कळलं की दूध आहे. एक चप्पल होती, उजव्या पायाची. टपरीवाली बाई बादलीनं पाणी ओतत होती आणि कुत्र्यांना हाकलत होती.

"पडला की एकजन," ती म्हणाली. "कंटेनरच्या मागनं येत हुता, दगड दिसलाच न्हाई. आर्धा तास झाला आसंल."

"गाडीवर कितीजण होते? मागं बाई होती का?"

"न्हाई वो. एकलाच हुता. दूधवाला, ह्या मागच्या वस्तीवरचा."

"बरं झालं," मी म्हणालो.

म्हणालो म्हणजे मोठ्यानं म्हणालो. छाती मोकळी झाली होती आणि शब्द तिच्याबरोबर बाहेर आले. बाईनं बादली खाली ठेवली.

"काय बरं झालं?"

मी कुत्र्यांकडे बघत राहिलो. तिनं मला नीट न्याहाळलं. "तुमी सकाळचे गाडीवालेच न्हवं का?" मी हो म्हटलं. ती बादली उचलून आत गेली आणि आतूनच बोलायला लागली. अॅम्ब्युलन्स लवकर आली. नगरला नेलं. धाकटा भाऊ मोटरसायकल घेऊन मागोमाग गेला. घरी म्हातारी आई एकटीच. मी बाकड्यावर बसून राहिलो. मला रस्त्याकडे लक्ष ठेवायचं होतं.

अंधार चांगला पडला आणि ती दोघं आली. दिवा नाही, हॉर्न नाही, नुसता फटफट आवाज, आणि वेग बऱ्यापैकी. मी दोन्ही हात हलवत रस्त्यात धावलो. त्यानं कचकन ब्रेक दाबला.

"आँ? आजून हितंच? परत तुटला का काय?"

"लिंबं घातली नसतील," बायको म्हणाली.

"घातली," मी म्हटलं.

"म्हैस काय पसंत पडली न्हाई," तो सांगायला लागला. "येक बरी हुती, तर हिला तिची नजर आवडंना..." बोलता बोलता टपरीच्या उजेडात त्याला कडेचे दगड दिसले. मग ओला रस्ता दिसला, चप्पल दिसली. तो मोटरसायकलीवरून उतरला. ती दोघं माझ्यासमोर धडधाकट उभी होती आणि मला हसू फुटत होतं. ओठ दाबून मी ते आवरलं. असला आनंद मला माझ्या मुलीच्या लग्नातही झाला नव्हता.

"आपले दगड व्हय?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

तो 'तुमचे' म्हणाला नाही. मी मान डोलावली.

"मोटे म्या आनले," तो म्हणाला.

"काढायचं काम माझं होतं."

बायको टपरीत गेली होती. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं ती दुधाचा एक कॅन घेऊन बाहेर आली, झाकणाशी चेपलेला. दुसरा फुटला होता म्हणे. हा त्याच्या घरी पोचवायचा होता. सकाळी धार काढल्यावर दूध घालायला भांडं नको का? टपरीवालीचं म्हणणं असं की ह्या दोघांनी तो जाता जाता द्यावा. शेतकरी हात पुढे करत होता.

"मी नेतो," मी म्हटलं.

"तुमची गाडी हाय तिकडं. आमाला वाटंतच हाय."

"मी नेतो," मी परत म्हटलं, जरा चढ्या आवाजात. त्यानं हात मागे घेतला. बिनदिव्याचं जाऊ नका, माझ्या पुढे चालत चला, असं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं. मोटरसायकल ढकलत दोघं माझ्याबरोबर वस्तीच्या वाटेपर्यंत आली. मग ती तशीच पायी आपल्या वाटेला लागली आणि मी आत वळलो.

ज्वारीतून पायवाट होती. मोबाईलच्या उजेडात मी कॅन घेऊन चालत होतो. रिकामा कॅन चालताना मांडीला लागतो आणि वाजतो. त्या दूधवाल्याच्या पायात आता लोखंडी पट्टी आहे, जिना चढताना तो थांबतो, पण परत दूध घालतो, हे मला पुढे मिस्त्रीकडून कळलं. त्या संध्याकाळी त्यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. मी मनाशी जुळवाजुळव करत होतो. काय सांगायचं ते ठरवत होतो. कॅन ठेवून, टपरीवरून दिलाय म्हणून निघून यायचं, हे आधी ठरलं. मग ज्यांना आयुष्यभर शिव्या दिल्या त्यांची तोंडं डोळ्यांपुढे आली आणि ठरलं की सांगायचं. त्याची आई शिव्या देईल, आरडाओरडा करेल, शेजारपाजारचे जमतील, कदाचित अंगावर येतील. येऊ देत. एकदा ठरल्यावर मला हलकं वाटायला लागलं. मी सरळमार्गी माणूस आहे असंही थोडं वाटायला लागलं.

पत्र्याचं घर, पुढे गोठा, एका बल्बचा उजेड. म्हातारी ओट्यावर बसली होती, हातात मोबाईल, आणि तो कानाला लावून परत खाली घेत होती. कॅन वाजलेला ऐकून उठली.

"तुमी उचललं व्हय त्याला?"

"नाही, आई. कॅन द्यायला आलोय."

"कोन तुमी?"

"मी ट्रक चालवतो. सकाळी माझी गाडी तिथं बंद पडली होती. मागं दगड लावले होते. जाताना काढायचे विसरलो. तुमचा मुलगा त्याच दगडांवर पडला."

सगळं एका दमात सांगून टाकलं आणि वाट बघत उभा राहिलो. तिनं कॅन माझ्या हातातून घेतला, झाकण काढून आत बघितलं, आणि ओट्याच्या कडेला पालथा घातला. दगडांबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. ते तिच्या कानावर पडलं की नाही अशी मला शंका आली. मग ती जवळ आली, इतकी की तिला माझं तोंड बल्बच्या उजेडात दिसावं.

"तुमी तितनंच आलाव ना? मंग सांगा. शुद्धीवर हुता का त्यो? बोलत हुता का काई? धाकला फोन उचलंना झालाय. डोक्याला लागलं का? रगत लई गेलं का?"

टपरीवर मी तासभर बसलो होतो. त्या बाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, पाणी पाजलं होतं, अॅम्ब्युलन्समध्ये चढवेपर्यंत ती त्याच्याजवळ होती, हे मला मागाहून कळलं. तिला सगळं माहीत होतं आणि ती सांगायला तयार होती. मी तिला गाडीवर कितीजण होते आणि मागे बाई होती का, एवढंच विचारलं होतं.

"मी विचारलं नाही," मी म्हणालो.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. दगड माझे आहेत हे सांगितलं तेव्हा तिनं असं बघितलं नव्हतं.